जुन्या संगणकावर घरचा मेल आणि फाइल सर्व्हर : या चुका टाळा

अडगळीतला संगणक बाहेर काढून त्यावर मेल आणि फाइल सर्व्हर उभा करणाऱ्यांच्या अडचणी मी बरीच वर्षे सोडवत आलो आहे, आणि त्यांतील बहुतेक अडचणी एकाच समजुतीतून जन्माला येतात : पहिला मेल गेला, पहिली फाइल दिसली, म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात त्या वेळी सर्व्हरने आपल्याला हवे ते केलेले असते. नको ते करायला तो नकार देतो की नाही, हे अजून कोणी पाहिलेलेच नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या-स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमधील ‘मायनेटवर्क्स’ या ओळीत घरातील संपूर्ण नेटवर्क लिहून टाकणे. या ओळीतील पत्त्यांवरून येणाऱ्या कोणालाही सर्व्हर सहसा पासवर्ड न विचारता जगात कुठेही मेल पाठवू देतो. प्रत्येक फोनवर पासवर्ड भरण्याचा कंटाळा आला की नवशिका तिथे १९२.१६८.१.०/२४, म्हणजे घरातले सगळे पत्ते, असे लिहून मोकळा होतो. मीही झालो होतो, आणि दोन वर्षे काहीच बिघडले नाही. मग राउटर बदलला. नवा राउटर बाहेरून आलेली प्रत्येक जोडणी आत सोडताना तिचा मूळ पत्ता पुसून त्या जागी स्वतःचा घरातला पत्ता लावत होता. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने अख्खे जग आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले होते. एके दिवशी पहाटे डिस्कच्या न थांबणाऱ्या खरखरीने मला जाग आली, तेव्हा पाठवायच्या रांगेत चाळीस हजारांहून अधिक मेल उभे होते आणि त्यांतला एकही आमचा नव्हता. मी अर्धा दिवस संगणकात शिरलेला व्हायरस शोधण्यात घालवला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, प्रत्येक जोडणीसमोर राउटरचाच पत्ता होता, पण तो ‘घरातला’ असल्यामुळे माझी नजर त्याच्यावरून घसरत राहिली. रांग दहा मिनिटांत रिकामी झाली. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीतून आमचा पत्ता निघायला मात्र कित्येक आठवडे लागले.

तेव्हापासून माझ्या सर्व्हरच्या त्या ओळीत तो संगणक स्वतः, म्हणजे १२७.०.०.०/८ आणि त्याचा आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीतला जोडीदार, यांखेरीज काही नसते. घरातील प्रत्येक यंत्र, अगदी स्कॅनरसुद्धा, ५८७ पोर्टवर पासवर्ड देऊनच मेल पाठवते. राउटरला हात लावला की मी फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घराबाहेरच्या दुसऱ्या एका सर्व्हरवर जातो, तिथून घरच्या सर्व्हरचे २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, गाठतो आणि परक्या पत्त्यावर मेल पाठवून पाहतो. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे परक्याचा मेल पुढे पाठवणार नाही, हे उत्तर दिसेपर्यंत मी जेवायला उठत नाही.

पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातो, ही तक्रार त्याच्या खालोखाल येते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही डीएनएस नोंदी बिनचूक असूनही असे होते, कारण घरगुती जोडण्यांचे पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएलसारख्या, थेट मेल येऊ नये अशा पत्त्यांच्या, याद्यांमध्ये मुळातच असतात आणि त्या पत्त्याची रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी) नोंद सहसा आपल्या हातात नसते. अनेक सेवादाते तर बाहेर जाणारे पोर्ट २५ बंदच ठेवतात. यावर हट्टाने महिनाभर झगडणारे लोक मी पाहिले आहेत. मी मेल घरी स्वीकारतो आणि पाठवताना आपला मेल पुढे पोचवणाऱ्या भरवशाच्या रिले सेवेमार्फत पाठवतो. यात कमीपणा मानण्याचे कारण मला दिसत नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेल्या जाळ्यातला आहे, आणि पोर्ट उघडण्याचे धडे कितीही वाचले तरी थेट मेल आत येणार नाही.

सांबा या फाइली वाटणाऱ्या प्रोग्रॅमचे ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडू नये. बाहेरून फाइली हव्या असतील तर वायरगार्ड हे व्हीपीएन वापरावे. जुन्या टीव्हीच्या सोयीसाठी एसएमबीची, म्हणजे सांबा ज्या भाषेत फाइली वाटतो तिची, पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणाऱ्यांनी २०१७ साली वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने नेमक्या याच दारातून काय केले ते आठवावे.

दुसरी माझ्या खास रागाची चूक बॅकअपची आहे, आणि इथे मी ‘रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे’ या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्याबद्दल बोलत नाही. यूएसबी डिस्क जोडायची, रोज रात्री आरसिंक हे प्रत काढणारे साधन चालवायचे आणि ‘यशस्वी’ असा संदेश वाचून झोपायचे, अशी माझी पद्धत होती. एकदा वीज जाऊन आल्यावर ती डिस्क जोडलीच गेली नाही. ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी अडू नको, हा पर्याय लावलेला असल्याने संगणक मुकाट्याने सुरू झाला, आणि आरसिंक त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ फाइली होत्या त्याच डिस्कवर, निष्ठेने प्रत काढत राहिले. संदेश रोज ‘यशस्वी’ असाच येत होता. तीन आठवड्यांनी डिस्क भरली आणि पोस्टफिक्स ४५२ हे उत्तर देऊन येणारे मेल परत लावू लागले, तेव्हा मला पत्ता लागला. ४५२ हा तात्पुरता नकार असल्यामुळे पाठवणारे सर्व्हर काही दिवस पुन्हा प्रयत्न करत राहतात, म्हणून मेल वाचले. डिस्क मोठी असती तर ती मरेपर्यंत मला काहीच कळले नसते. आता बॅकअपच्या डिस्कवर एक खुणेची फाइल असते आणि ती दिसली नाही तर स्क्रिप्ट कामच सुरू करत नाही. शिवाय महिन्यातून एकदा मी कोणतीही एक फाइल बॅकअपमधून उघडून बघतो.

जुनी डिस्क वापरण्यापूर्वी स्मार्टसीटीएल या डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या प्रोग्रॅमने तपासावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे धड वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याहून अधिक असेल, तर मी ती डिस्क सर्व्हरमध्ये घालत नाही, ती कितीही सुरळीत चालत असली तरी.

एका सकाळी सर्व्हरच्या संगणकावरच मेल उघडेना आणि ‘प्रमाणपत्र अजून वैध नाही’ अशी तक्रार आली, तर प्रमाणपत्र नव्याने काढत बसण्याआधी संगणकाची तारीख पाहावी. मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटण-बॅटरी संपली असेल, तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्याच संगणकावर डीएनएसएसईसी, म्हणजे नावांच्या नोंदींवरील सह्या, तपासणारा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा) असेल, तर चुकलेल्या तारखेमुळे वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नावही सापडत नाही आणि घड्याळ आपोआप सुधारत नाही. मी जुना संगणक घेतला की तो सुरू करण्याआधी ही बॅटरी बदलतो.