लिनक्समधील बग: निदान कसे करावे आणि नोंद कशी लिहावी

लिनक्सच्या एखाद्या डिस्ट्रिब्युशनमध्ये (डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार संचात) प्रोग्रॅम अचानक बंद पडला, तर दोष कोणाचा हे वरवर पाहून कळत नाही, कारण मूळ प्रकल्पाचा कोड, पॅकेज (प्रोग्रॅम इन्स्टॉल करण्यासाठीचा फाइलींचा गठ्ठा) सांभाळणाऱ्या मेंटेनरने त्यावर लावलेले पॅच (कोडमधील बदल), खालच्या लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड), कर्नेल (प्रणालीचा गाभा) आणि आपली स्वतःची सेटिंग्ज असे अनेक थर एकाच वेळी काम करत असतात. बग, म्हणजे असा दोष, नोंदवणाऱ्याने यांपैकी जितके थर आधीच बाजूला काढून दिले असतील, तितका दुरुस्त करणाऱ्याचा वेळ वाचतो. हा मेंटेनर बहुतेक वेळा स्वतःच्या मोकळ्या वेळात काम करणारा स्वयंसेवक असतो, हे ध्यानात ठेवूनच नोंद लिहिली पाहिजे.

सुरुवात बग पुन्हा घडवून आणण्यापासून करावी. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम बंद पडत असेल, तर तो कोणत्याही फाइलने पडतो की एकाच, पहिल्याच पानावर पडतो की विशिष्ट पानावर पोहोचल्यावर, हे पाहत पाहत कृती लहान करत न्यावी. त्यानंतर संगणकावर नवे यूजर खाते उघडून तीच कृती तिथे करून पाहावी. नव्या खात्यात बग दिसला नाही, तर कारण आपल्या होम डिरेक्टरीतील जुन्या सेटिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी असते. दहा मिनिटांच्या या चाचणीने कितीतरी नोंदी लिहिण्याआधीच निकालात निघतात, तरीही ती सर्वांत जास्त टाळली जाते.

मग पॅकेज आणि त्याची आवृत्ती निश्चित करावी. बिघडलेली फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘डीपीकेजी’ या कमांडला मोठ्या लिपीतला डॅश एस देऊन, तर फेडोरामध्ये ‘आरपीएम’ला डॅश क्यूएफ देऊन कळते. ‘कालपर्यंत चालत होते’ असे असेल तर डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेज बसवणाऱ्या एपीटीची हिस्टरी लॉग फाइल उघडावी. कोणत्या दिवशी कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, हे तिथे ओळीने लिहिलेले असते. संशय असलेले एकच पॅकेज मागच्या आवृत्तीवर नेऊन बग नाहीसा झाला, तर निदानाचे अर्धे काम झाले असे समजावे.

लॉगसाठी, म्हणजे प्रणाली आपोआप लिहून ठेवते त्या घडामोडींसाठी, ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड वापरावी. डॅश बी दिल्यास चालू बूटचा (संगणक शेवटचा सुरू केल्यापासूनचा) लॉग दिसतो आणि त्यापुढे उणे १ लिहिल्यास मागच्या बूटचा, जो संगणक गोठून बळेच बंद करावा लागल्यानंतर फार उपयोगी पडतो; मात्र त्यासाठी जर्नल, म्हणजे हा लॉग, डिस्कवर जतन होत असले पाहिजे. पडलेल्या प्रोग्रॅमबद्दल कर्नेलही एक ओळ लिहून ठेवते, आणि ती नीट वाचण्यासारखी असते. ‘सेगफॉल्ट ॲट’ (सेगफॉल्ट म्हणजे मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडणे) या शब्दांपुढे शून्य हा पत्ता असेल, तर प्रोग्रॅमने बहुधा नल पॉइंटर (कोणतीही खरी जागा न दाखवणारा मेमरीचा पत्ता) वापरला. त्याच ओळीत पुढे, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर, ‘एरर ४’ असेल तर मेमरीत मॅप न झालेल्या (प्रोग्रॅमला न दिलेल्या) जागेतून वाचण्याचा प्रयत्न झाला आणि ‘एरर ६’ असेल तर तिथे लिहिण्याचा. ओळीच्या शेवटी बहुधा लायब्ररीचे नाव येते. प्रोग्रॅम जिथे पडला ती जागा त्या लायब्ररीत आहे एवढेच त्यावरून ठरते. चूक तिला हाक मारणाऱ्या कोडचीही असू शकते.

ते पाहण्यासाठी बॅकट्रेस, म्हणजे पडण्याच्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली होती त्याची यादी, लागतो. ‘सिस्टमडी-कोअरडंप’ असेल तर (डेबियनमध्ये हे पॅकेज वेगळे इन्स्टॉल करावे लागते) ‘कोअरडंपसीटीएल’ पडझडीची यादी दाखवते, आणि त्याच्याच ‘डीबग’ या उपकमांडने शेवटचा कोअर (पडतानाच्या मेमरीची प्रत) जीडीबी या दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. जीडीबी डीबग माहिती (फंक्शनची नावे वगैरे) ‘डीबगइन्फोडी’ सर्व्हरवरून उतरवून घेऊ का असे विचारू लागला, तर होकार द्यावा. ही माहिती नसेल तर फंक्शनच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात आणि असा बॅकट्रेस कोणाच्याही कामाचा नसतो. सगळ्या थ्रेडचा (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) बॅकट्रेस घेऊन तो मजकूर म्हणून जोडावा. स्क्रीनचा फोटो देऊ नये, कारण त्यात शोध घेता येत नाही. कोअर फाइल मात्र सार्वजनिक नोंदीला कधीही जोडू नये, कारण तिच्यात त्या क्षणीची मेमरी असते आणि मेमरीत पासवर्डही असू शकतात.

एक शंका वेगळी तपासावी. एकमेकांशी संबंध नसलेले प्रोग्रॅम दर वेळी निराळ्या जागी पडत असतील, तर दोष रॅममध्येच असू शकतो, म्हणून बग शोधण्याआधी रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावे.

आता नोंद. आधी शोध घ्यावा, आणि तोच बग सापडला तर नवी नोंद न उघडता तिथे आपली माहिती जोडावी. डेबियनसाठी ‘रिपोर्टबग’ आणि उबुंटूसाठी ‘उबुंटू-बग’ ही साधने पॅकेजची आवृत्ती आणि त्याच्या डिपेंडन्सी (ते ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजे) आपोआप भरतात, म्हणून शक्य तिथे तीच वापरावीत. फेडोराच्या नोंदी बगझिला या बग नोंदवण्याच्या संकेतस्थळावर जातात. शीर्षकात ‘प्रोग्रॅम चालत नाही’ असे न लिहिता ‘एन्क्रिप्ट केलेली फाइल उघडताच पीडीएफ वाचक सेगफॉल्ट होऊन बंद पडतो’ असे लिहावे. मजकुरात काय केले, काय झाले आणि काय व्हायला हवे होते हे वेगवेगळे मांडावे, आणि कारणाविषयीचा आपला तर्क तर्क म्हणूनच शेवटी लिहावा. संगणक मराठीत चालत असेल तर भाषा ठरवणारे एलसी_ऑल हे व्हेरिएबल ‘सी’ ठेवून कमांड पुन्हा चालवावी, म्हणजे त्रुटीसंदेश मूळ इंग्रजीत येतात आणि इतरांना शोधता येतात. डेबियनमध्ये तीव्रतेच्या ‘विशलिस्ट’पासून ‘क्रिटिकल’पर्यंत ७ पायऱ्या आहेत, आपली अडचण मोठी आहे म्हणून वरची पायरी निवडू नये, तिची व्याख्या वाचून निवडावी. बगचा वापर करून कोणी दुसऱ्याच्या संगणकात शिरू शकेल असे वाटले, तर नोंद सार्वजनिक न करता डिस्ट्रिब्युशनच्या सिक्युरिटी टीमला खाजगीत कळवावी.

नोंद गेल्यावर काही दिवसांनी मेंटेनर एखादी नवी आवृत्ती तपासायला सांगतो. त्या वेळी आधी लिहिलेली कृती जशीच्या तशी करावी, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक द्यावा आणि बग अजून घडत असेल तर नवा बॅकट्रेस जोडावा. बग सुटला असेल, तर डेबियनमध्ये बगच्या क्रमांकाला ‘डॅश डन’ जोडून होणाऱ्या पत्त्यावर ईमेल करून नोंद बंद करता येते. त्या ईमेलच्या पहिल्याच ओळीत ‘व्हर्जन’ असे लिहून ज्या आवृत्तीत तो सुटला तिचा क्रमांक द्यावा.