आजींचं वय काढायचं कसं

वृद्धांच्या सर्वेक्षणासाठी माझ्याकडे नवी मुलं-मुली शिकायला येतात. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली, रिग्रेशनसारखी संख्याशास्त्रातली गणितं झरझर चालवणारी. पहिले तीन दिवस मी त्यांना एकच काम देते: दहा म्हाताऱ्या माणसांचं वय काढून आणा. विचारून नाही, काढून.

आधार कार्ड मागायचं नि उतरवायचं, असं वाटतं ना? नवखी असताना मीही तेच केलं. एका घरात आई मुलापेक्षा नऊच वर्षांनी मोठी निघाली! कार्डावर १ जानेवारी दिसली की वर्ष अंदाजाने टाकलेलं असू शकतं, हे धरून चाला. शाळेच्या दाखल्यावरची १ जून तर मास्तरांची कृपा. शिवाय वय वाढवण्यात फायदाही असतो. श्रावणबाळ योजनेला ६५ लागतात आणि २०२२ पासून एसटी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट नेते.

म्हणून कार्ड बाजूला ठेवा आणि आठवणी धरा. पुणे जिल्ह्यात आमच्या खुणा ठरलेल्या आहेत: १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, आणि १९७२ चा दुष्काळ. 'दुष्काळात तुम्ही किती वर्षांच्या होता?' असं मात्र विचारू नका. आजचं वय माहीत नाही, तर तेव्हाचं कुठून सांगणार? सुकडी खाल्ली का, खडी फोडायला जायचात का, लग्न झालं होतं का, पोर कडेवर होतं की पोटात, हे विचारा.

एक आजी म्हणाल्या, "थोरला रांगत होता. बाभळीला झोळी बांधून खडी फोडायची मी." भूकंप झाला तेव्हा? "नवीनच नांदायला आले होते." न्हाण येऊन वर्षच झालं होतं. म्हणजे लग्न १९६७ चं, तेव्हा वय चौदाच्या आसपास, जन्म १९५३ च्या आगेमागे. कार्डावर १९४७.

दोन्ही आकडे लिहा, वेगवेगळ्या रकान्यांत. घरच्यांसमोर 'तुमचं वय चुकलंय' म्हणू नका. पेन्शन जाईल या भीतीने अख्खी वाडी गप्प होते. ही माहिती कुठल्या कचेरीत जात नाही, हे आधीच सांगा.

एवढा आटापिटा कशाला? पासष्टीनंतर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होतं. वय पाच-सहा वर्षांनी सरकलं की आलेख खोटा पडतो.

संध्याकाळी वयांचे शेवटचे अंक मोजा. ० आणि ५ मिळून साधारण पाचवा हिस्सा असावा. निम्मे निघाले तर वयं अंदाजाने गोल केलेली आहेत, सकाळी परत त्याच घरी. सरावाला लासी या देशभरच्या वार्धक्य सर्वेक्षणाचा विदा (डेटा) घ्या: मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांना गाठलं होतं. अर्ज केला की मिळतो.

बाकीचं हाताला लवकर बसतं. चार मीटर चालण्याच्या चाचणीत आजींच्या पुढे चालू नका, त्या तुम्हाला गाठायला पाय उचलतात. स्मरणशक्तीचे प्रश्न विचारण्याआधी ऐकू येतंय का ते बघा. 'अंघोळ स्वतः करता?' याला उत्तर 'हो'च येणार. बादली कोण उचलून देतं ते विचारा.

आणि म्हातारी पिंपरीला लेकाकडे गेली असेल तर 'नकार' लिहू नका. 'गावात नाही' लिहा, परत कधी येणार ते सुनेला विचारून घ्या. बहुतेक जत्रेला येतात.