ऑफरोड गाडीवर एलईडी लाइट बार: रिले, फ्यूज आणि स्विचची जोडणी कशी करावी

महिंद्रा थारसारख्या १२ व्होल्टच्या गाडीवर जादा लाइट बार बसवताना ज्या चुका होतात, त्या सहसा दिव्यात नसून दिवा आणि बॅटरी यांच्यामधल्या दोन-तीन मीटर तारेत असतात. स्विच वितळणे, फ्यूज वारंवार उडणे, उजेड मंदावणे आणि क्वचित बोनेटखाली धूर निघणे, ही सगळी त्याच तारेची लक्षणे होत. हा लेख एका साध्या उदाहरणावर बेतला आहे: पुढच्या बंपरवर १२० वॅटचा एक बार आणि डॅशबोर्डवर त्याचा एक स्विच.

काम हाती घेण्याआधी कायदा पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. असे दिवे सार्वजनिक रस्त्याबाहेरच्या वापरापुरते ठेवावेत आणि रस्त्यावर त्यांच्यावर अपारदर्शक झाकण असावे. समोरून घाट चढत येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या डोळ्यांवर असा झोत पडला, तर काय होईल हे सांगायला नको.

प्रवाह मोजणे

वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. १२० वॅट आणि १२ व्होल्ट म्हणजे १० अँपिअर. खोक्यावर छापलेले वॅट अनेकदा फुगवलेले असल्यामुळे बार थेट बॅटरीला क्षणभर जोडून डीसी क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, खरा प्रवाह मोजणे उत्तम. मात्र ही तात्पुरती जोडणीसुद्धा फ्यूज घालूनच करावी. चांगल्या बारमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडींचा प्रवाह सांभाळणारे सर्किट, उजेड स्थिर ठेवतो, म्हणजे व्होल्टेज कमी मिळाले तर तो प्रवाह वाढवून भरपाई करतो. त्यामुळे बारीक तार वापरून काहीही वाचत नाही, उलट ती अधिकच तापते.

तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर तारेतून १० अँपिअर प्रवाह २ मीटर जाऊन २ मीटर परत आला, तर सुमारे ०.३ व्होल्ट वाटेत खर्च होतात, आणि एवढी घट चालते. टपावरच्या बारसाठी अंतर ५ मीटर झाले, तर हीच घट ०.७ व्होल्टवर जाते, म्हणून तिथे ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. घरगुती वायरिंगची तार बोनेटखाली वापरू नये. उष्णता आणि तेल सोसणारी, बारीक धाग्यांची ऑटो केबल मागून घ्यावी.

फ्यूज आणि रिले

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, दिव्याच्या नव्हे. त्यामुळे तो बॅटरीच्या धन टोकापासून जास्तीत जास्त एका वितीवर बसवावा. फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुठे घासून बॉडीला टेकला, तर त्याला वाचवणारे काहीच नसते. आपल्या १० अँपिअरच्या बारला १५ अँपिअरचा निळा ब्लेड फ्यूज पुरतो. फ्यूज उडाला म्हणून ३० अँपिअरचा हिरवा घालणे हा उपाय नव्हे. दोष शोधावा लागतो.

रिले म्हणजे आतल्या कॉइलला छोटा प्रवाह दिला की मोठा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच. तो हवाच कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून १० अँपिअर नेले, तर त्याचे संपर्क जळतात आणि जाड तार केबिनमध्ये आणून पुन्हा बाहेर न्यावी लागते. रिलेच्या कॉइलला मात्र साधारण ०.१५ अँपिअर पुरतात, म्हणजे स्विचपर्यंत बारीक तार चालते. रिलेच्या पिनांवर आकडे कोरलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली जाड तार जोडावी आणि ८७ वरून बारच्या धन तारेकडे जावे. कॉइलची दोन टोके ८५ आणि ८६ ही असून ८६ ला स्विचकडून येणारी तार आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीची ऋण जोडणी, द्यावा. कॉइलवर डायोड बसवलेला रिले असेल, तर ही दिशा उलटवून चालत नाही. पाच पिनांच्या रिलेतली ८७-ए ही मधली पिन रिले बंद असताना ३० शी जोडलेली असते. तिच्यावर चुकून बार जोडला, तर दिवा उलटा वागतो, म्हणजे स्विच बंद केल्यावर लागतो.

रिले बोनेटखाली जितका उंच बसेल तितका बरा, आणि त्याच्या पिना खाली तोंड करून असाव्यात, म्हणजे पाणी आत साचणार नाही. २०२० च्या थारला कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मुभा दिली आहे. ओढा ओलांडताना पुढे उसळणारी लाट त्याहून वर जाते, हे लक्षात घेऊन जागा ठरवावी.

स्विचला वीज कोठून द्यावी

ही वीज थेट बॅटरीवरून घेतली, तर गाडी बंद करून उतरल्यावरही बार चालू राहू शकतो आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. म्हणून इग्निशन चालू असतानाच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून, उदाहरणार्थ चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा तार काढून देणारा जोड) लावून वीज घ्यावी आणि टॅपमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घालावा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजना हात लावू नये. मूळ हार्नेसची, म्हणजे गाडीच्या कारखान्यातून आलेल्या तारांच्या जुडग्याची, तार सोलून जोड मारण्याची सवय अनेक ऑटो इलेक्ट्रिशियनांना असते; वॉरंटीतल्या गाडीवर त्यांना ते करू देऊ नये, कारण पुढे विद्युत बिघाडाचा दावा नाकारायला कंपनीला आयते निमित्त मिळते.

आत दिवा असलेल्या तीन पिनांच्या स्विचमध्ये एक पिन पुरवठ्याची, दुसरी रिलेकडे जाणारी आणि तिसरी अर्थची असते. ही तिसरी पिन फक्त स्विचमधल्या दिव्यासाठी आहे. तिची आणि दुसरीची अदलाबदल झाली, तर स्विच दाबताच थेट शॉर्ट होतो.

प्रत्यक्ष जोडणी

प्रथम बॅटरीचे ऋण टोक काढावे आणि ते सर्वांत शेवटी लावावे. तारा केबिनमध्ये नेण्यासाठी नवे भोक पाडण्यापेक्षा मूळ हार्नेस ज्या रबरी ग्रोमेटमधून जाते, त्यालाच बाजूला बारीक छेद देऊन तार सरकवावी. सगळ्या तारा नालीदार स्लीव्हमध्ये घालून मूळ हार्नेसच्या मार्गानेच बांधाव्यात, आणि सायलेन्सर, रेडिएटर फॅन व स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून दूर ठेवाव्यात.

बारच्या अर्थसाठी चॅसिसवरचा जवळचा बोल्ट निवडून तिथला रंग लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कडे) कसावा आणि वरून ग्रीस लावावे. बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत अर्थ त्या टोकाला कधीही लावू नये, कारण सेन्सरला वगळून गेलेला प्रवाह गाडीच्या हिशेबात येत नाही. जोड पिळून वर टेप गुंडाळणे खडबडीत वाटेवर टिकत नाही; रॅचेट क्रिंपरने लग दाबून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी.

चाचणी

बारचा फ्यूज घालण्याआधी त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब जोडावा. स्विच बंद असताना हा बल्ब पेटला, तर फ्यूज आणि रिलेच्या दरम्यान तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे. नाही पेटला, तर फ्यूज घालून इंजिन सुरू करावे. मग बार लावून बॅटरीवर आणि बारच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला, तर बहुतेक वेळा दोष अर्थच्या बोल्टवर सापडतो.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावण्याचा मोह होत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. असे डिमर वीज वेगाने चालू-बंद करून काम करतात आणि आत स्वतःचा ड्रायव्हर असलेला बार त्यावर लुकलुकतो किंवा खराब होतो. ड्रायव्हर नसलेल्या, केवळ रेझिस्टरवर चालणाऱ्या पट्ट्यांना मात्र डिमर चालतो. धुक्यात उजेड कमी करण्यापेक्षा बार बंद करून बंपरवर खाली बसवलेले पिवळे, रुंद झोताचे दिवे वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. टपावरचा बार तर धुक्यात पांढरी भिंतच उभी करतो.

बार लावताच एफएम रेडिओ खरखरू लागला, तर तारेवर बारच्या जवळ फेराइटचे कडे बसवून पाहावे. खडतर वाटेवरच्या पहिल्या फेरीनंतर बार काही मिनिटे चालू ठेवून फ्यूज होल्डरला हात लावून पाहावा. तो कोमट असेल तर हरकत नाही. चटका बसत असेल, तर आतला जोड सैल आहे, तो बदलावा.