मोठ्या शहरात एमबीए करायचंय? मग कॉलेज असं निवडा

एमबीए करायचं ठरलं की बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे रँकिंगची लिस्ट उघडतात. माझं म्हणणं, ती दोन दिवस बाजूला ठेवा आणि एका कागदावर एवढंच लिहा की डिग्री हातात आल्यावर तुम्हाला नेमकं कुठल्या कामाला लागायचंय. फायनान्स, कन्सल्टिंग, मार्केटिंग, घरचा धंदा, काहीही असो. कारण मोठं शहर म्हणजे तिथे सगळंच भरपूर असं नसतं, एखादं शहर बँकांचं असतं, एखादं टेक कंपन्यांचं, एखादं कारखान्यांचं, आणि जायचंय सप्लाय चेनमध्ये पण शहर निवडलं बँकांचं, तर गेस्ट लेक्चरला येणारे पण बँकवालेच आणि सीनियर पण तिकडेच लागलेले.

मोठ्या शहराचा खरा फायदा एकच, कंपन्या हाकेच्या अंतरावर असतात. म्हणजे सेमिस्टर चालू असतानाच आठवड्यातून दोन दिवस प्रोजेक्ट करता येतो, नोकरीतली माणसं संध्याकाळी शिकवायला येऊ शकतात, कुणाला भेटायचं तर सुट्टी टाकून प्रवास करावा लागत नाही. पण हे सगळं कॅम्पस खरंच शहरात असेल तर हं! माझ्या एका मित्राने शहराचं नाव बघून ॲडमिशन घेतली आणि कॅम्पस निघाला ऑफिसच्या भागापासून दीड तास लांब, दोन वर्षांत तो शहरात गेला असेल मोजून दहा-बारा वेळा, आणि फी मात्र शहराच्या भावाने भरली. म्हणून मॅपवर रविवारी अंतर बघू नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला ऑफिसच्या भागातून कॅम्पसपर्यंत स्वतः जाऊन बघा. नोकरी सांभाळून पार्ट-टाइम किंवा एक्झिक्युटिव्ह एमबीए करणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण अभ्यास जमला तरी रोजच्या प्रवासाने कोर्स अर्धवट सुटू शकतो.

आता प्लेसमेंट रिपोर्ट, इथे जरा वेळ द्या. पहिलं, सरासरी पगार बघू नका, मीडियन विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधे येतो तो. दहा मुलं धरा, नऊ जणांना १० चं पॅकेज आणि एकाला ६० चं, तर सरासरी येते १५, पण १५ कुणालाच मिळालेले नसतात. मीडियन १० च सांगेल. दुसरं, टक्केवारी कशाची काढलीय ते विचारा. बॅच १२० ची, त्यातली २० मुलं 'प्लेसमेंटला बसली नाहीत' म्हणून वगळली, उरलेल्या १०० पैकी ९० लागली, झाले की ९० टक्के! पण अख्ख्या बॅचचं बघितलं तर ७५ च होतात. ती २० मुलं का बसली नाहीत हा प्रश्न नक्की विचारा आणि उत्तर देताना समोरचा चाचरतोय का तेही बघा. तिसरं, तुमच्या कागदावर लिहिलेल्या कामाला गेल्या वर्षी किती जण लागले? बाकीचे आकडे नंतर.

रँकिंग आता उघडा, पण त्यात काय मोजलंय ते वाचून. उदाहरणार्थ फायनान्शियल टाइम्सच्या ग्लोबल एमबीए रँकिंगमध्ये कोर्स संपून तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना किती पगार मिळतो याला बरंच वजन असतं. ज्याला सामाजिक संस्थेत काम करायचंय किंवा स्वतःचं काही सुरू करायचंय त्याच्यासाठी हा आकडा फारसा कामाचा नाही.

मान्यता मात्र डोळे उघडे ठेवून तपासा. आधी आपल्या देशातल्या नियामकाची, मग एएसीएसबी, एएमबीए, इक्विस या बिझनेस शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मान्यतांची. यात एएसीएसबी अख्ख्या बिझनेस स्कूलला तपासते, एएमबीए कोर्सला तपासते आणि एमबीएला येणाऱ्याकडे काही वर्षांचा कामाचा अनुभव असावा असा तिचा आग्रह असतो. हा आग्रह मला फार पटतो. वर्गात केस डिस्कशन चालू असताना शेजारच्याने कधी पगारपत्रक हाताळलेलं नसेल, क्लायंटचा ओरडा खाल्लेला नसेल, तर त्याच्याकडून शिकणार काय? त्यामुळे बॅचचा सरासरी अनुभव किती ते जरूर विचारा.

खर्च धरताना फी अधिक घरभाडं अधिक बुडालेला पगार, तिन्ही धरा, मोठ्या शहरात घरभाडं कधीकधी फीच्या जवळ जातं आणि बुडालेला पगार तर लोक लिहीतच नाहीत. लोन घेणार असाल तर हप्ता मीडियन पगारावर बसवून बघा.

माजी विद्यार्थी कॉलेजने जोडून दिलेले नकोत, लिंक्डइनवर तुम्ही स्वतः शोधा, तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेले आणि तुम्हाला हवं तेच काम करणारे, निदान पाच जण. 'कॉलेज कसंय?' असं विचारलंत तर 'मस्त' एवढंच उत्तर येतं. 'पहिली नोकरी कॅम्पसमधून मिळाली की स्वतः शोधली?' असं विचारा.

आणि सीट पक्की करायचे पैसे भरायच्या आधी रिफंडचा नियम लेखी मागून घ्या. 'आज भरा नाहीतर सीट जाईल' असा फोन आला तरी मुदत मेलवर कळवा असंच सांगा.