रूल इंजिन घ्यावं की कोडमधलं फिल्टर पुरेल? असं ठरवा

रूल इंजिन म्हणजे ‘असं असेल तर तसं करा’ अशा नियमांच्या अटी तपासून ते चालवणारं सॉफ्टवेअर. ऑनलाइन दुकानाचं ॲप्लिकेशन उदाहरणाला घेऊ. कोड लिहायच्या आधी सगळ्या अटी एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा. अट, तिचा परिणाम, ती कोण बदलतं, किती वेळा बदलतं आणि तिच्या उत्तरावर दुसरी अट अवलंबून आहे का, असे पाच रकाने करा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

मग निवड (कोणत्या ओळी घ्यायच्या) आणि निर्णय (त्यांचं काय करायचं) वेगळे करा. ‘५००० रुपयांवरच्या, रद्द न झालेल्या ऑर्डर दाखवा’ ही निवड झाली. तिची जागा एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) व्हेअर या अटींच्या भागात, योग्य इंडेक्ससह. लाखो ओळी मेमरीत ओढून तिथे गाळू नका. एक खाच मात्र लक्षात ठेवा: ‘स्टेटस रद्द नाही’ एवढंच लिहिलं, तर ज्या ओळींत स्टेटस नल (म्हणजे भरलेलंच नाही) आहे त्याही गळतात. नलची अट वेगळी लिहावीच लागते.

अशा गाळणीसाठी रूल इंजिन आणणं चूकच. अनेक इंजिनांच्या मुळाशी असलेला, चार्ल्स फोर्गी यांचा रेटे अल्गोरिदम अर्धवट जुळलेल्या अटीही मेमरीत धरून ठेवतो. नियम भरपूर, अटी सामाईक आणि माहिती थोडी-थोडी बदलणारी असेल तेव्हा त्याचा फायदा. एकदाच चाळायच्या मोठ्या यादीत नुसता भार.

अटी एकमेकींवर अवलंबून नसतील, पण धंद्याची माणसं त्या वारंवार बदलत असतील, तर निर्णय-तक्ता (प्रत्येक ओळीत अटी आणि त्यांचा निकाल) पुरतो. निर्णय मांडायच्या डीएमएन या मानकात तक्त्याला ‘युनिक’ धोरण देता येतं. एकाच वेळी दोन ओळी लागू पडल्या तर ती चूक ठरते.

ग्राहक ‘गोल्ड’ ठरला म्हणून डिलिव्हरी मोफत, आणि त्यावरून पुढची ऑफर, अशी साखळी असेल आणि ती सतत बदलत असेल, तरच ड्रूल्ससारखं इंजिन घ्या.

तिथे हमखास फसतो तो नियम असा: ‘बिल २०००च्या वर असेल तर १० टक्के कमी करा’. ‘मॉडिफाय’ या आज्ञेने रक्कम बदलल्यावर इंजिन अटी पुन्हा तपासतं. २५००चे २२५० होतात, ते अजून २०००च्या वर, म्हणून २०२५, आणि मग १८२२.५०. ग्राहकाला एकाऐवजी तीनदा सूट! ‘नो-लूप’ (नियमाने स्वतःलाच पुन्हा जागं करू नये ही सूचना) लावून हा नियम थांबेल, पण दोन नियम एकमेकांना जागं करत असतील तर थांबणार नाहीत. म्हणून मूळ रकमेला हात लावू नका. सूट हा वेगळा फॅक्ट (इंजिनाला दिलेली माहितीची नोंद) म्हणून घाला आणि ‘या बिलावर सूट आधीच नाही’ ही अट जोडा. क्रम लावायला जागोजागी सेलियन्स (नियमाचं प्राधान्य सांगणारा आकडा) देणंही टाळा, नियम वाढले की कोण आधी चालतं हे कुणालाच सांगता येत नाही.

नियमांच्या फाइली गिटमध्येच (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. प्रत्येक सीमेवर तीन चाचण्या हव्यात: १९९९, २००० आणि २००१. जुना कोड काढण्याआधी काही दिवस तो आणि नवे नियम दोन्ही समांतर चालवा, ग्राहकाला जुनंच उत्तर द्या आणि जिथे फरक पडेल ते बिल लॉगमध्ये नोंदवा.