ट्रॅक्टरचं मागचं क्रँक सील बदलताय? या चुका टाळा

वसई-विरारकडे भाताच्या चिखलणीला जुंपलेला जुना ट्रॅक्टर असो, नाहीतर मुंबईत ब्रेकरचा कंप्रेसर लावून दिवसभर एका जागी घुमणारा असो, बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाखाली) काळं तेल दिसलं की निदान ठरलेलं असतं: 'मागचं सील गेलं.' हे सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी इंजिनाचं तेल अडवणारी कडी. ती काही महाग नसते. पण तिथे पोचायला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणजे इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे. एक चूक राहिली तर तेवढी सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. म्हणून पाना हातात घेण्याआधी तेल नेमकं कुठून येतंय ते शोधायचं.

बोटावर तेल घेऊन बघा. काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनाचं. दाट, मधाच्या रंगाचं आणि गंधकासारखा वास येणारं असेल तर गिअरबॉक्सचं, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील गेलंय. मग क्रँकच्या सीलला हात लावून उपयोग नाही. तेल इंजिनाचं असलं तरी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ब्लॉकच्या मागचा ऑइल गॅलरीचा प्लग, कॅमशाफ्टमागची चकती आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगची मागची कड हे सगळे संशयित बाकी राहतात. इंजिनाची मागची बाजू डिझेलने धुवा, पूर्ण कोरडी करा, वर टाल्कम पावडर मारा आणि अर्धा तास चालवा. ओघळ वरून खाली आला तर दोष वर आहे.

बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात बहुधा सैल कॉटर पिन लटकत असते. हलत राहून भोक मोकळं ठेवणं हे तिचं काम. गळती दिसू नये म्हणून त्या भोकात बोल्ट ठोकणारे लोक आहेत. तेल मग आत साठतं, फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) ते उडवतं आणि क्लच प्लेट भिजून घसरायला लागते. भोक कधीही बुजवू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे सील का गेलं हे न विचारणं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून धूर धक्क्याधक्क्याने बाहेर फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. चेंबरमधला तो दाब नवीन सीलच्या ओठालाही, म्हणजे क्रँकला टेकणाऱ्या कडेलाही, उचलेल. ब्रीदर नळीही, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी, तपासा. उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते आणि नळी ठार बंद होते. नळी साफ केल्यावर गळती थांबली, तर ट्रॅक्टर फोडायची गरजच उरत नाही.

फोडताना

इथे चूक झाली तर माणूस जायबंदी होतो. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. गिअरबॉक्स सुटला की इंजिन एका अंगाला कलंडू शकतं. म्हणून ॲक्सल आणि त्याच्या ब्रॅकेटच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा घट्ट ठोका. हे सोडलं तर बाकी सगळी तयारी व्यर्थ. हँडब्रेक, मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा), इंजिनाखाली पक्की घोडी आणि गिअरबॉक्सखाली चाकांचा जॅक हवा. पेव्हर ब्लॉकवर किंवा पावसात भिजलेल्या भरावावर जॅक खचतो, खाली जाड लोखंडी प्लेट टाका. बॅटरी, डिझेल पाइप, वायरिंग, स्टिअरिंग रॉड आणि हायड्रॉलिकच्या नळ्या आधी सोडवा. क्लच काढताना कव्हर आणि फ्लायव्हीलवर पंचने खूण करा. फ्लायव्हील जड असतं, एकट्याने उतरवू नका.

सील, दोरी आणि क्रँक

जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की क्रँकवर ओरखडा पडतो, आणि त्याच ओरखड्यातून नवीन सील गळतं. सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडा, त्यात स्क्रू फिरवा आणि पकडीने ओढा. ड्रिल आत घुसू देऊ नका.

आता क्रँकच्या ज्या पट्ट्यावर सीलचा ओठ बसतो, तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर घळ पडली आहे. घळीवर नवीन सील बसवणं ही सर्रास होणारी चूक. हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. जागा नसेल तर त्या मापाची पातळ स्टीलची बाही चढवा. झिरो पेपर (बारीक पॉलिश पेपर) मारायचाच तर गोलाईत मारा. तिरका मारलात तर बारीक रेघा स्क्रूसारखं तेल बाहेर ओढतात.

पर्किन्स घराण्यातल्या जुन्या तीन सिलिंडर इंजिनांत, म्हणजे जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये, रबरी सीलऐवजी ग्राफाइटची दोरी असते, दोन अर्ध्या हाउसिंगमध्ये बसवलेली. तिथे क्रँकवर उथळ सर्पिल खाच मुद्दाम कोरलेली असते, ती तेल आत परतवते. झीज समजून ती घासून काढू नका, आणि त्या खाचेवर रबरी ओठाचं सीलही चढवू नका. दोरी बसवताना प्रत्येक अर्धं हाउसिंग वाइसमध्ये धरा. आधी दोन्ही टोकांचा साधारण 25 मिलिमीटर भाग खाचेत दाबा. टोकं जोडाच्या पातळीपेक्षा 0.25 ते 0.5 मिलिमीटर वर राहिली पाहिजेत. मधला फुगवटा अंगठ्याने दाबा आणि शेवटी गोल दांड्याने घोटा. टोकं ब्लेडने सपाट कापली तर जोडावर फट राहते, आणि नेमकं तिथूनच तेल येतं. आतल्या अंगाला ग्राफाइट ग्रीस लावा. जुन्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेचा झोत न मारता ओल्या फडक्याने पुसा.

रबरी सीलची स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे हवी, आणि सीलवर बाण असेल तर तो क्रँक फिरण्याच्या दिशेशी जुळला पाहिजे. साध्या रबरी ओठाला इंजिन ऑइल लावून बसवा, पण पांढरट टेफ्लॉनचा ओठ कोरडाच बसवतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सील घ्यायला जाताना जुनं सील सोबत न्या आणि शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी ही तिन्ही मापं व्हर्नियरने घेऊन जा. नुसतं मॉडेल सांगून आणलेलं सील एका मापात हमखास चुकतं.

क्रँक लोखंडी पट्टीने वर उचलून बघा. खटका लागला तर मेन बेअरिंग झिजलंय आणि त्यावर कोणतंही सील टिकणार नाही. सिलिकॉन पातळ लावा. जाड लावलं तर आत सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो.

तेल प्यायलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नका, गरम झाली की मुरलेलं तेल वर येतं. पायलट बेअरिंगही (फ्लायव्हीलच्या मधलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) याच वेळी बदला.

जोडताना दोन लांब स्टड मार्गदर्शक म्हणून लावा आणि क्लच प्लेट डमी शाफ्टने (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारख्या दांड्याने) मधोमध ठेवा. शेवटचे 10-15 मिलिमीटर अंतर बोल्ट आवळून ओढू नका. दाते जुळलेले नसले तर प्लेटचा हब वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो. फ्लायव्हील थोडं फिरवा, ट्रॅक्टर हाताच्या जोराने मिटला पाहिजे.

जोडण्याआधी बेल हाउसिंग आतून डिझेलने धुऊन कोरडं करायला विसरू नका, नाहीतर आतलं जुनं तेल दोन दिवस ठिबकत राहतं आणि नवीन सीललाच दोष दिला जातो. दोरी असेल तर पहिले काही तास किंचित पाझर चालतो. रबरी सील मात्र पहिल्या तासापासून कोरडं हवं.