धनुष्यबाणाने कार्प धरताय? या चुका टाळा

मे संपत आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या तळ्यांच्या कडेला पाणी खळबळायला लागतं. गुडघाभर पाण्यात, पाणकणसाच्या ताटव्यातून हातहातभर लांबीचे कार्प पाठी उघड्या टाकून एकमेकांना ढुसण्या देत फिरत असतात. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. पाणी साधारण १७-१८ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की कार्प अंडी घालायला उथळात येतो आणि इथल्या बोफिशिंगवाल्यांची, म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारणाऱ्यांची, लगबग सुरू होते.

हा कार्प म्हणजे आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो सायप्रिनस. तो अमेरिकेचा नाही. १८७७ साली इथल्या सरकारच्या मत्स्य आयोगाने खाण्यासाठी वाढवायला म्हणून तो जर्मनीहून आणला आणि पुढे देशभर वाटला. चिखल उकरत खायची त्याची सवय. त्यात पाणवनस्पती उपटल्या जातात, पाणी सतत गढूळ राहतं, तळाचं फॉस्फरस वर येऊन शेवाळ माजतं. मॅडिसन शहरातल्या लेक विंग्रामधून २००८ साली पन्नास हजार पौंडांहून जास्त कार्प जाळ्याने काढले, तेव्हा पाणी निवळलं आणि तळाशी पुन्हा वनस्पती उगवल्या. धनुष्याने एवढे मासे निघत नाहीत, हे खरं. पण कार्प मारण्याला इथे परवानगी का आहे, ते यावरून कळतं.

गेली काही वर्षं मी नव्या लोकांना सोबत नेतो. त्यांत आपली मराठी मंडळीही असतात. जवळजवळ सगळे त्याच त्या चुका करतात. त्यातली एक जिवावर बेतणारी आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

दोर बाणाच्या शेपटीला बांधणं

मासेमारीच्या बाणाला दोर असतो आणि तो धनुष्यावर बसवलेल्या रीलमधून, म्हणजे दोर साठवायच्या साधनातून, सुटतो. बाणाच्या मागच्या टोकाशी एक भोक असतं. नवखा माणूस साहजिकच त्यात दोर ओवून गाठ मारतो. बाण ओढला की ती गाठ प्रत्यंचेच्या अगदी शेजारी, म्हणजे तुमच्या गालापाशी येते. तिथे दोराचा एक वळसा प्रत्यंचेत अडकला की सुटलेला बाण दोर ताणून परत फिरतो. चेहऱ्याच्या दिशेने. बोफिशिंगमधल्या सगळ्यात वाईट जखमा अशाच होतात.

त्यावर उपाय म्हणजे सेफ्टी स्लाइड. बाणावर पुढे-मागे सरकणारी ही छोटी कडी असते आणि दोर तिला बांधायचा असतो. बाण ओढताना कडी पुढेच, रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकवायच्या आधाराच्या) पलीकडे थांबते, त्यामुळे दोर प्रत्यंचेच्या जवळ फिरकतच नाही. बाण सुटला की कडी सरकत मागच्या अडणीपर्यंत जाते आणि मग दोर बाणामागून ओढला जातो. किंमत काही डॉलर. जुना, स्लाइड नसलेला बाण कुणी भेट दिला, तरी स्लाइड बसवल्याशिवाय तो वापरू नका.

दुसरी अडचण रीलची. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात दोर प्लॅस्टिकच्या बाटलीत नुसता सैल पडलेला असतो आणि बाणाबरोबर आपोआप निघतो. दुसरी बटणवाली स्पिनकास्ट रील. तिचं बटण प्रत्येक नेमाआधी दाबून दोर मोकळा करावा लागतो. मासा ओढून आणताना हँडल फिरवलं की ती पुन्हा बंद होते. समोर मोठा मासा दिसल्यावर नेमकं हेच विसरायला होतं.

माझ्याकडून ते एकदा झालं. पहाटेची वेळ होती, पहिला बाण वाया गेला होता, तो गुंडाळून आणला आणि लगेच दुसरा कार्प समोर आला. बटण न दाबताच बाण सोडला. खाडकन आवाज झाला, धनुष्य हातात पुढे ओढलं गेलं आणि दोर तुटून बाण तळ्यात गेला. दोर तुटला म्हणून निभावलं. २०० पौंडांचा नवा दोर असता तर तो तुटला नसता. त्या दिवसापासून बाण चढवल्यावर मी तोंडाने मोठ्याने म्हणतो, "बटण, दोर, माणसं." बटण दाबलंय, दोर धनुष्याच्या कुठल्याही भागाला, शर्टाच्या गुंडीला किंवा घड्याळाला अडकलेला नाही, समोर माणसं नाहीत. सोबतच्या प्रत्येकाला हे म्हणायला लावतो. नवख्यांना सुरुवातीला बाटलीवाली रीलच घ्या म्हणतो, कारण तिथे विसरायला बटणच नसतं.

दोर रोज बोटांतून सरकवून तपासा. स्लाइडजवळचा हातभर भाग दगडांवर घासून आधी विरतो. तो कापून नवी गाठ मारायला दोन मिनिटं लागतात.

मासा दिसतो तिथे नेम धरणं

मागच्या वर्षी एका मित्राचा चौदा वर्षांचा मुलगा सोबत होता. सलग पाच बाण त्याने माशांच्या पाठीवरून घालवले. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "काका, बरोब्बर त्याच्यावरच नेम होता. मग लागत का नाही?"

मी म्हटलं, "अरे, म्हणूनच लागत नाही. तो तिथे नाहीच आहे."

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, त्यामुळे मासा खऱ्या जागेपेक्षा वर दिसतो. सरळ खाली पाहिलं तर खोली पाऊणच भासते. आपण तिरके पाहतो, त्यामुळे फरक आणखी वाढतो. काठावरून दहा फुटांवरचा फूटभर खोल मासा निम्म्याच खोलीवर असल्यासारखा वाटतो. बादलीत काठी तिरकी बुडवून पाहा, पाण्याच्या रेषेवर ती मोडल्यासारखी दिसते.

इथले लोक एक ठोकताळा वापरतात: दहा फूट अंतर आणि एक फूट खोली असेल तर चार इंच खाली नेम धरा. अंतर दुप्पट झालं तर आठ इंच, खोली दुप्पट झाली तरी आठ इंच. ही फक्त सुरुवात समजा. तुम्ही होडीच्या उंच फळीवर उभे आहात की पाण्यात, यानेही फरक पडतो. मी त्या मुलाला एवढंच सांगितलं, "माशाच्या पोटाखालचा चिखल बघ आणि चिखलालाच मार." सातवा बाण लागला.

घरून निघण्याआधी सराव करायचा तर दुधाच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या कॅनमध्ये वाळू भरा, तो फूटभर पाण्यात ठेवा आणि वेगवेगळ्या अंतरांवरून मारा. हिरवळीवरच्या गोल लक्ष्यावर केलेला सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही. पोलराइज्ड गॉगल मात्र हवाच. त्याने पाण्यावरची चकाकी जाते आणि मासा दिसतो, पण वळलेला प्रकाश सरळ होत नाही. नेम खालीच धरायचा.

घरचंच धनुष्य आणि घरचेच बाण

निशाणेबाजीचा साधा बाण २५ ग्रॅमच्या आसपास असतो. तो पाण्यात वेग टिकवू शकत नाही आणि पिसांमुळे वाकडा जातो. मासेमारीचा बाण फायबरग्लासचा, बिनपिसांचा आणि टोकासकट ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या घरात असतो. बारीक तडा दिसला की तो टाकून द्या, फायबरग्लासचे कुसळासारखे तुकडे हातात घुसतात.

शिकारीचं, ओढायला ६०-७० पौंडांचा जोर लागणारं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य आणणारेही भेटतात. एवढ्या जोराने बाण चिखलात कोपरभर रुततो आणि उपसताना अर्धा तास जातो. दिवसभर ओढून खांदाही दुखावतो. ३५ ते ४५ पौंड पुष्कळ झाले. शिवाय बहुतेक कंपाउंड धनुष्यांत पूर्ण ओढल्यावर भार एकदम हलका होतो, आणि ते अर्धवट ओढून नीट मारता येत नाहीत. कार्प एक-दोन सेकंदच दिसतो. त्यामुळे साधं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं) किंवा मासेमारीसाठीच बनवलेलं, कितीही ओढलं तरी चालणारं धनुष्य बरं. प्रत्यंचा सोडायचा रिलीजचा चाप नको, बोटांनीच ओढा आणि प्रत्यंचेवर रबरी बोटसंरक्षक चढवा.

बाण लागतो पण मासा सुटतो, ही तक्रार बहुधा टोकाची असते. कार्पचे खवले नाण्याएवढे आणि कडक असतात, बोथट टोक त्यांवरून घसरतं. दर थोड्या वेळाने कानशीने धार करा. टोक फिरवून घट्ट आहे ना, तेही बघा, नाहीतर ते चिखलात राहतं आणि नुसती काडी परत येते. बाण आरपार जायला हवा, म्हणजे टोकावरचे अडकवायचे काटे पलीकडे उघडतात. नाही गेला तर दोर झटक्याने ओढू नका. ताण कायम ठेवून सावकाश आणा आणि हातात मोजे घाला, कारण दहा किलोचा कार्प दोर तळहातातून सर्रकन नेतो.

न ओळखता मारणं

ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, कारण बाण लागलेला मासा परत सोडता येत नाही. कार्पच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. त्याच्यासारखाच जाडजूड दिसणारा, पण मिशा नसलेला मासा म्हणजे बफेलो. तो इथला मूळचा. बिगमाउथ बफेलो शंभर वर्षांहून जास्त जगतो, हे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ११२ वर्षांचा एक मासा त्यांना सापडला होता. बऱ्याच राज्यांत त्याला मारायला अजून परवानगी आहे, तरी मी मारत नाही. त्याचाच भाऊबंद ब्लॅक बफेलो विस्कॉन्सिनमध्ये संरक्षित आहे. मिशा दिसल्या नाहीत तर धनुष्य खाली घ्या.

परवाना, हंगाम, रात्री दिवे लावून मारण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. ते राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे बघा. आणि सुट्टीत घरी येताना धनुष्य घेऊन धरणावर जाऊ नका. महाराष्ट्रातल्या जलाशयांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मेलेला मासा काठावर टाकणं

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सकाळी पोरंबाळं पोहायला येतात तिथे वीस कार्प कुजत पडलेले असतात, आणि मग त्या काठावर धनुष्यवाल्यांना बंदी येते. पाण्यात परत फेकणंही चालत नाही. निघण्याआधीच मासे कुठे जाणार ते ठरवा. मोठ्या कार्पमध्ये पीसीबीसारखी कारखान्यांतून आलेली विषारी रसायनं साठलेली असू शकतात, म्हणून खाण्याआधी त्या तळ्याबद्दल राज्याने दिलेला सल्ला वाचा. सल्ला अनुकूल असेल तर लहान मासा लगेच रक्त काढून बर्फात घाला. कातडीखालचं लालसर मांस काढून टाकलं की चिखलाचा वास जातो. आतल्या दुफाट्या काट्यांसाठी तुकड्यांना जवळजवळ चिरा द्या, मग रवा लावून कडक तळा. बाकीचे मासे माझ्याकडे टोमॅटोच्या वाफ्यात हातभर खोल पुरले जातात. उथळ पुरले तर रॅकून रात्रीतून उकरून काढतात.